घडी पडल्याबद्दल मंडळाचा खुलासा

यंत्र चालत नाही तोवर माणूस त्यावर विचार करत असतो. ते चालू लागलं की तो त्यावर टॉवेल वाळत घालतो. हे सत्य ओळखूनच आमच्या हौशी यंत्रमानव संशोधन मंडळाची स्थापना झाली, आणि विचाराची ही परंपरा मंडळाने आजवर कुठेही खंडित होऊ दिलेली नाही. अपवाद एकच. त्या एका अपवादाबद्दल बाहेर नाही नाही ते बोललं जात असल्यामुळे, मंडळाचा तेव्हाचा कार्यवाह या नात्याने, घडलं ते जसंच्या तसं सांगणं मला भाग आहे.

मंडळाची वार्षिक परिषद वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये भरते. (खालचा हॉल वाचणाऱ्यांसाठी असल्यामुळे तो बहुधा रिकामाच असतो, पण आम्हाला देत नाहीत.) परिषदेचा नियम असा, की प्रत्येक सभासदाने आपला शोधनिबंध वाचायचा आणि बाजूच्या टेबलावर आपलं यंत्र चालवून दाखवायचं. नुसता निबंध वाचला तर ती कल्पनाशक्ती, नुसतं यंत्र दाखवलं तर ती दुकानदारी. दोन्ही एकत्र आलं की संशोधन. 'चालतं प्रात्यक्षिक' या शब्दाची व्याख्या मंडळाच्या घटनेत स्पष्ट आहे: ज्याची वीज चालू आहे ते चालतं. ते काय करतं, हा पुढचा प्रश्न आहे आणि घटना इतक्या पुढे जात नाही.

या व्याख्येनुसार गेल्या परिषदेत मांडलेल्या यंत्रांपैकी शंभर टक्के यंत्रं चालती होती. त्यांतली निम्मी हललीसुद्धा. (एक टेबलावरून खाली पडलं. ते हालचालीत धरायचं की नाही, यावर उपसमिती बसली आहे.)

प्रत्येकाला निबंधासाठी थोडा वेळ मिळतो, प्रात्यक्षिकासाठी त्याहून थोडा, आणि प्रात्यक्षिकाच्या स्पष्टीकरणासाठी भरपूर. परिषदेला रंग चढतो तो याच भागात. पूर्वी प्रत्येक वक्ता 'घरी चालत होतं' या वाक्याने सुरुवात करायचा आणि त्यात फार वेळ जायचा. आता ते वाक्य आम्ही मंचामागच्या फलकावरच मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे. वक्त्याने नुसतं मागे बोट दाखवलं की पुरतं.

सभासदांच्या कामाची कल्पना यावी म्हणून दोन उदाहरणं देतो. आमच्या औषधविक्रेत्यांचं यंत्र कुंड्यांना पाणी घालतं. प्रत्यक्षात ते दाराबाहेरच्या चपलांना घालतं. पण त्यातूनच 'चपला आणि कुंड्या यांतील दृश्य साम्य' हा त्यांचा निबंध जन्माला आला, आणि चपलांना पाणी मिळालं नसतं तर जगाला तो मिळाला नसता. दुसरं यंत्र माझं. ते केर काढतं. सुरू केलं की ते सरळ कपाटाखाली जातं आणि बाहेर येत नाही. 'यंत्राची एकांतप्रियता' हा माझा निबंध परिषदेत दोनदा वाचला गेला, दुसऱ्यांदा आग्रहावरून. (आग्रह कुणाचा, हे विचारणं शोभत नाही.)

अशा या मंडळाचं भूषण म्हणजे आमचे दंतवैद्य. त्यांना सगळे डॉक्टर म्हणतात.

डॉक्टरांचं यंत्र कपड्यांच्या घड्या घालतं. निदान ते त्यासाठी बनवलेलं होतं. दोन लांब हात, वर एक कॅमेरा, आणि बोटांच्या जागी दवाखान्यातल्या जुन्या खुर्चीच्या नळ्या. दात कोरताना तोंडातली लाळ ओढून घेतात ना, त्या. नळीने कापडाचा वरचा पदर ओढून धरायचा, उचलायचा, दुमडायचा. कल्पना इतकी सुंदर होती, की ती पहिल्यांदा मांडली तेव्हा अध्यक्षांनी डोळे मिटून घेतले. (ते निवृत्त भूमापक आहेत. उन्हातान्हात आयुष्य गेल्यामुळे गार जागी बसलं की डोळे मिटतात, असं काही लोक म्हणतात.)

घडी मात्र पडत नसे. शर्टाचा गोळा होई. डॉक्टर त्या गोळ्याकडे बराच वेळ बघत आणि घरी जाऊन निबंध लिहीत.

हे यंत्र डॉक्टरांच्या तळमजल्यावरच्या मोठ्या खोलीत होतं, आणि इथे त्यांच्या पत्नीचा संबंध येतो. बाई कायद्याची पुस्तकं छापणाऱ्या छापखान्यात मुद्रितं तपासतात. म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेलं सगळं, कंटाळा आला तरी, शेवटच्या टिंबापर्यंत वाचायचं, हा त्यांचा व्यवसाय. अशी माणसं घरात असली तर काय होऊ शकतं, याचा मंडळाने वेळीच विचार करायला हवा होता.

बाईंचे वडील बाईंच्या भावाकडे तिसऱ्या मजल्यावर राहत. गुडघे गेल्यापासून ते जिना उतरलेले नव्हते. दिवसभर खिडकीत बसून खालच्या माणसांची डोकी बघत. रस्त्यात कुणाला टक्कल पडतंय, हे त्या माणसाच्या बायकोच्या आधी त्यांना कळे. त्यांना आपल्या तळमजल्यावर आणावं, दाराशी खुर्ची टाकून बसू द्यावं, ही बाईंची इच्छा. खोली एकच होती, आणि तिच्यात संशोधन चाललेलं होतं.

एकदा मी चहाला गेलो होतो तेव्हाचं बोलणं मला आठवतं.

"अहो, बाबांची कॉट कुठे टाकायची?" बाईंनी विचारलं.

"संशोधन पूर्ण झालं की खोली तुझीच," डॉक्टर म्हणाले.

"पण ते होणार कधी?"

"असं संशोधनाला विचारायचं नसतं."

"मग कुणाला विचारायचं? बाबा काल म्हणाले, माणसांचे चेहरे कसे असतात तेच विसरलोय."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं. यजमानांच्या घरगुती प्रश्नात पाहुण्याने बिस्किट खावं, असं माझं मत आहे.

आता तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. पहिल्याच प्रयोगाच्या दिवशी शर्टाला चुण्या होत्या, म्हणून डॉक्टरांनी त्यावर बाटलीने पाण्याचा फवारा मारला होता. तेव्हापासून प्रत्येक प्रयोगाआधी ते फवारा मारत आले. प्रयोगात सातत्य हवं. पुढे पुष्कळ निरीक्षणं करून, रात्री न झोपता, त्यांनी घडी न पडण्याचं कारण शोधून काढलं: कापड ओलसर असलं की त्याचे दोन पदर एकमेकांना चिकटतात, नळी दोन्ही पदर एकदम उचलते, आणि गोळा होतो. 'ओलसर वस्त्राच्या पदरांमधील परस्पर आसक्ती' या निबंधाने मंडळात खळबळ उडाली. त्याचा दुसरा भाग आला, तिसरा आला. प्रत्येक भागाच्या वाचनाआधी डॉक्टर शर्टावर फवारा मारत, यंत्र गोळा करी, आणि सिद्धान्त पुन्हा एकदा खरा ठरे. जगात इतकी खात्रीशीर यंत्रं थोडी असतील.

फवारा थांबवला तर? असा प्रश्न एखाद्या अडाणी माणसाला पडेल. मंडळात तो कुणालाही पडला नाही, हे मी अभिमानाने नमूद करतो. कारण शोधणं हे संशोधकाचं काम. कारण काढून टाकणं हे सफाई कामगाराचं.

त्या वर्षी अध्यक्ष निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी डॉक्टरांचं नाव एकमताने ठरलं होतं. पाचवा भाग वाचायचा, टाळ्या घ्यायच्या आणि खुर्चीत बसायचं, एवढंच बाकी होतं. त्या भरात डॉक्टरांच्या हातून एक चूक झाली. निबंधात शुद्धलेखनाच्या चुका नकोत, म्हणून तो त्यांनी बायकोला वाचायला दिला.

बाईंनी तो वाचला. सगळा. ऱ्हस्वदीर्घ तपासत, पेन्सिल हातात घेऊन, निष्कर्षापर्यंत.

परिषदेचा दिवस उजाडला. प्रमुख पाहुणे म्हणून तंत्रशिक्षण संस्थेचे प्राचार्य आले होते. ते दर वर्षी येतात आणि 'भविष्य उज्ज्वल आहे' असं सांगून जेवायच्या आत निघतात. आमच्या रोखपालांच्या यंत्राने दार उघडलं ते पाहुणे आत येऊन बसल्यावर. सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग डॉक्टर उभे राहिले. निळा कोट, हातात निबंध, शेजारच्या टेबलावर यंत्र, यंत्रापुढे पांढरा शर्ट. बाई भिंतीशी उभ्या होत्या. एरवी त्या येत नाहीत.

निबंध फारच सुरेख झाला. 'आसक्ती' शब्दावर डॉक्टरांचा आवाज जरा कापलादेखील. वाचन संपवून त्यांनी सभागृहाकडे पाहत बाटली उचलली आणि शर्टावर तीनदा फवारा मारला.

मी पहिल्या रांगेत होतो. दर वर्षी त्या फवाऱ्याचे चार थेंब माझ्या चष्म्यावर उडतात. या वेळी उडाले नाहीत. फुस्स, फुस्स, फुस्स, एवढाच आवाज आला. बाटली कोरडी ठणठणीत होती. पण डॉक्टरांची नजर लोकांवर होती, आणि मला वाटलं, आपली जागा बदलली असेल.

"आता आपण पाहाल," डॉक्टर म्हणाले, "की पदर सुटे होत नाहीत."

यंत्राने हात पुढे केला. वरचा पदर ओढून धरला. उचलला. खालचा पदर खालीच राहिला. मग दुसऱ्या हाताने बाही आत घेतली, पहिल्या हाताने दुसरी बाही, खालचा भाग वर, आणि कॉलर मधोमध. टेबलावर शर्टाची घडी होती.

सभागृहात असा सन्नाटा पसरला, की खालच्या मजल्यावर कुणीतरी पान उलटल्याचं ऐकू आलं.

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी सवयीने मागच्या फलकाकडे बोट दाखवलं आणि मग ते बोट तसंच हवेत राहिलं, कारण 'घरी चालत होतं' हेही खरं नव्हतं.

प्राचार्यांनी हळूच मला विचारलं, "हे असं व्हायचं होतं का?"

"नाही, नाही," मी त्यांना धीर दिला. "काहीतरी गडबड झालीय."

अध्यक्ष जागे झाले. परिस्थिती लक्षात येताच त्यांनी चहाची सुट्टी जाहीर केली आणि कार्यकारिणी मागच्या खोलीत जमली. डॉक्टरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. औषधविक्रेत्यांनी त्यांची नाडी पाहिली. सगळ्यांच्या मनात सहानुभूतीच होती. उमेदीच्या काळात कुणावरही असा प्रसंग येऊ शकतो.

"घाबरू नका," अध्यक्ष म्हणाले. "मार्ग निघेल. पंख्याच्या वाऱ्याने शर्ट आपोआप दुमडला गेला, असं नोंदवू. पुढच्या वर्षी 'वाऱ्याचा हस्तक्षेप' म्हणून सहावा भाग वाचा. अध्यक्षपदाला धक्का लागणार नाही."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी तसा ठराव लिहायलाही घेतला. तेवढ्यात दारातून बाई म्हणाल्या,

"पंखा बंद होता. आणि बाटलीतलं पाणी मी ओतून टाकलं होतं."

"तुम्ही?" अध्यक्षांनी विचारलं. "कशासाठी?"

"यांनीच लिहिलंय ना, ओल असली की पदर चिकटतात म्हणून. मी म्हटलं, मग ओलं कशाला करायचं?"

"म्हणजे तुम्ही निबंध वाचलात?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण. 'आसक्ती' सगळीकडे चुकीचं लिहिलं होतं."

खोलीतला एकेक चेहरा पांढरा पडत गेला. आमचे निबंध आजवर ऐकले गेले होते, वाखाणले गेले होते, बांधून कपाटात ठेवले गेले होते. पण त्यात लिहिलेलं कुणी खरं धरून चालेल, या शक्यतेला मंडळाकडे काहीही बंदोबस्त नव्हता.

"ताई," अध्यक्ष कसाबसा आवाज काढून म्हणाले, "निबंध हे असं वागण्यासाठी नसतात हो."

"मग कशासाठी असतात?"

या प्रश्नावरही उपसमिती बसली आहे.

मी ठराव डॉक्टरांपुढे ठेवला आणि पेन दिलं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. ते मात्र बायकोकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता तो येत नव्हता. तिथे भलतंच काही येत होतं. चौथीतल्या मुलाला पहिल्यांदा सायकलवर तोल सापडतो तेव्हा दिसतं तसं. भावी अध्यक्षाला न शोभणारं.

"कॉलर बघितलीस?" त्यांनी बायकोला विचारलं. "मधोमध आली होती."

"बघितली की."

"एकदम मधोमध."

"हो, हो. इस्त्रीवाल्यालासुद्धा जमत नाही अशी."

"डॉक्टर, सही," मी आठवण केली.

"कसली सही? चालतं हो ते!" डॉक्टर ओरडले, आणि पेन माझ्याच हातात कोंबून हॉलकडे पळाले.

पुढचं वर्णन करताना मला क्लेश होतात. मंडळाचा हा ज्येष्ठ संशोधक टेबलापाशी उभा राहून अंगातला कोट काढून यंत्राला देत होता. कोट झाला, मग रुमाल. मग लोकांकडे हात पसरून, "द्या, तुमचं द्या, काहीही द्या," असं सुरू झालं. आणि लोकही देऊ लागले! औषधविक्रेत्यांनी स्वेटर दिला. प्राचार्यांनी टाय सोडून दिला, आणि त्या गडबडीत भविष्याबद्दल बोलायचं विसरले. यंत्राने टेबलावरचा मंडळाच्या नावाचा कापडी फलकसुद्धा घडी करून ठेवला. सगळे गोल करून उभे होते, हसत होते, एकमेकांना ढोसत होते. परिषदेत इतकी माणसं एकाच वेळी जागी असल्याची ही पहिलीच वेळ. माझ्या निबंधाची वेळ निघून गेली, ते सोडा. व्यक्तिगत तक्रारीची ही जागा नव्हे.

डॉक्टरांचं नाव त्याच संध्याकाळी मागे घेण्यात आलं. त्यांचं सभासदत्वही संपलं, कारण घटनेप्रमाणे सभासद हा 'संशोधन करीत असलेला' हवा आणि त्यांचं तर पूर्ण झालेलं होतं. सभेने दोन मिनिटं उभं राहून दुःख व्यक्त केलं. अध्यक्षपद रिकामं राहू नये म्हणून ते मी नाइलाजाने स्वीकारलं.

काही दिवसांनी, सांत्वन करावं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. घराचं दार उघडंच होतं. तळमजल्यावरच्या खोलीत कॉट टाकलेली होती आणि दाराशी खुर्चीत बाईंचे वडील बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून ते थांबवत होते. मलाही थांबवलं.

"या, या. तुम्हाला ओळखतो मी," ते म्हणाले. "तुमचे मागचे केस विरळ आहेत. चेहरा आज बघतोय. चेहरा बरा आहे."

यंत्र कोपऱ्यात होतं. शेजारी घड्यांची चळत. म्हातारबुवा त्यातली एकेक घडी काढून, नीट झटकून, मोडत होते आणि यंत्रापुढे टाकत होते.

"हे काय करताय, बाबा?" आतून येत बाईंनी विचारलं.

"अगं, त्याला काम नको? आणि मला बघायला आवडतं. पुन्हा पुन्हा मधोमध आणतो लेकाचा."

डॉक्टर दवाखान्यातून आले. जरा जाडही झाले होते. मी विचारलं, "आता वेळ कसा जातो?"

"पेशंट असतात. संध्याकाळी आम्ही तिघं इथे बसतो," ते म्हणाले. मग खाली बघत, "कधी कधी चुकल्यासारखं वाटतं हो. रात्री जाग येते आणि विचार करायला काहीच नसतं."

"मग?"

"मग झोपतो."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. इतका बुद्धिमान माणूस झोपेला लागलेला पाहून मन भरून आलं. निघताना बाईंनी मला विचारलं, "तुमचं यंत्र अजून कपाटाखालीच जातं का हो? कपाट हलवून बघितलंत?" मी तडक जिन्याकडे गेलो. तळमजला असल्याचं नंतर लक्षात आलं.

असा प्रकार पुन्हा घडू नये म्हणून अध्यक्ष या नात्याने मी काही उपाय केले आहेत. निबंध घरी नेण्यास मनाई आहे. प्रात्यक्षिकाआधी फवाऱ्याच्या बाटल्या दोन सभासदांसमक्ष भरल्या जातात. निष्कर्ष शक्य तितक्या बारीक अक्षरांत छापावा, आणि त्यात 'म्हणून' हा शब्द येऊ नये. लोक तिथूनच बिघडतात.

हा खुलासा छापावा की नाही, यावर मात्र कार्यकारिणीत वाद झाला. औषधविक्रेते म्हणाले, लोक वाचतील आणि काहीतरी करून बसतील. मी म्हटलं, बाई वेगळ्या. त्यांना चुका दुरुस्त करण्याचा पगार मिळतो. बाकी लोक वाचतात ते बसून वाचतात. मजेदार जागी हसतात, आपल्या साहेबांचा किंवा मेहुण्याचा चेहरा आठवून मान डोलावतात, 'अगदी असंच चालतं हो सगळीकडे' म्हणतात आणि चष्मा काढून ठेवतात. त्यांच्यापासून धोका नाही. सगळ्यांना पटलं.

तुम्ही इथवर आला आहात. मधे एकदोनदा मान डोलावली असेलच, आणि तेव्हा डोळ्यांसमोर स्वतःचा चेहरा नक्कीच नव्हता. मंडळाला हवे असतात ते हेच गुण. तुमचं नाव सभासदांत घालून घेतलं आहे. वर्गणी नाही, यंत्र नसलं तरी चालेल. पाळायची अट एकच: वाचून झाल्यावर काही करायचं नाही. ते तुम्हाला शिकवायला हवं, असं कार्यकारिणीला वाटत नाही.